मधला पट्टा

या जगात मोजता येत नाही असं काहीच नाही, असं डॉक्टर कसेरेकांनी चर्चसमोरच्या निलगिरीखाली उभं राहून जाहीर केलं. ताप मोजता येतो, जमीन मोजता येते, आणि गावानं एखाद्या बाईला किती दूर लोटलं तेही मोजता येतं. मोजलं की कळतं, कळलं की औषध सापडतं. टाळ्या पडल्या. मग डॉक्टर खाली बसले आणि बुटातले खडे काढू लागले. गाडी जिथवर येते तिथून चिहेरानो गाव अर्ध्या तासावर आहे, असं त्यांना बुकावू शहरात सांगण्यात आलं होतं, आणि ते सकाळी सातपासून चालत होते.

"अर्धा तासच आहे," मागच्या रांगेतून म्हातारी नाबिंतू म्हणाली. "बूट घालून मोजला तर वाढायचाच."

शेजारी बसलेल्या सिफानं, म्हणजे तिच्या सुनेनं, तोंडावर कापड धरलं आणि खोकल्यासारखं केलं.

डॉक्टर दुपारीच परतले. मागं ठेवून गेले ती एस्पेरांस नावाची एक तरुण मुलगी, तिचं प्रश्नांचं यंत्र, चार पत्र्याचे कप आणि किलोभर घेवडा. चर्चमागच्या खोलीत बसून ती गावातल्या तीस बायकांना एकेक करून प्रश्न विचारणार होती. यातल्या पाचच जणींसाठी हे सगळं चाललं होतं. उरलेल्या पंचवीस जणी त्या पाच कोण हे ओळखू येऊ नये म्हणून घेतल्या होत्या. चिहेरानोतल्या कोंबड्यांनासुद्धा त्या पाच जणी माहीत होत्या. पण युक्ती चांगली होती, शहरातल्या माणसांनी मन लावून काढलेली होती, म्हणून सगळ्या तिचा मान राखून गप्प बसल्या.

चार वर्षांपूर्वी शनिवारच्या बाजाराच्या वाटेवर जंगलातल्या बंदूकवाल्या माणसांनी सात जणींना उचलून नेलं होतं. अकरा आठवड्यांनी पाच परत आल्या. सिफा त्यातली एक. तिचा नवरा बागालवा दोन दिवस तिच्यासमोर मान खाली घालून बसला आणि तिसऱ्या दिवशी सोन्याच्या खाणीवर कामाला जातो म्हणून निघून गेला. खाण तीन दिवसांवर होती. त्याला परत यायला चार वर्षं पुरली नव्हती.

नाबिंतू मात्र राहिली. "पोरगा गेला, सून राहिली," ती पाण्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "घरात कामाचं माणूस कोण होतं ते मला आधीपासून ठाऊक होतं."

एवढ्यावर सिफा चार वर्षं आभारी होती. तिचा स्वभावच तसा आभारी. सासूला तो आळसाचा प्रकार वाटायचा.

*

मोजायचं म्हटलं तर सिफाचं स्वतःचं एक माप होतं, आणि ते कुठल्याही डॉक्टरच्या आधीचं होतं.

गावातल्या अठरा बायका पाळीपाळीनं एकमेकींची शेतं खणत. आज हिचं, उद्या तिचं. परत आलेल्या पाच जणींतली या अठरांत सिफा एकटीच. उतारावर खालून वर तोंड करून सगळ्या एका ओळीत उभ्या राहत, आणि प्रत्येकीच्या वाट्याला कुदळीच्या दांड्याएवढा रुंद पट्टा येई. चिबालोंझा गाणं उचलायची, अठरा कुदळी एकदम वर जायच्या, एकदम खाली यायच्या. शेजारणीचा घाम उडून अंगावर पडायचा इतकी ती ओळ दाट.

परत आल्यावर सिफा पहिल्यांदा कामाला गेली तेव्हा ओढ्याकडच्या टोकाला उभी राहिली. ओळ नेहमीसारखी लागली. फक्त तिच्यात आणि उजव्या हाताच्या शेजारणीत तीन पट्टे मोकळे सुटले. ओळ वर सरकत गेली आणि ते तीन पट्टे मागं तसेच राहिले, गवतासकट. ते कुणी खणायचे? सिफानंच. बाकीच्या सावलीला बसल्या की ती परत खाली जायची आणि एकेक करून वर आणायची. पहिल्या वर्षी तिच्या तळहातांची साल दोनदा गेली.

दुसऱ्या वर्षी दोन पट्टे सुटले. तिसऱ्या वर्षीही दोन, पण उजवीकडची एक म्हातारी शेजारीण जाता जाता एकाची कड उकरून द्यायची. गेल्या खेपेला दीड. तीनाचे दीड, म्हणजे निम्मं झालं, असं सिफा म्हणायची.

"कोणाचे उपकार मानतेस?" सासू विचारायची. "मातीचे मान. तीच तेवढी तुझ्या जवळ येते."

एक गोष्ट मात्र निम्मी झाली नव्हती. तिच्या शेताची पाळी. ती सगळ्यात शेवटी यायची. शेवट म्हणजे पाऊस सुरू होऊन दहा-बारा दिवस झाल्यावर. तिचं शेत खड्या उताराचं. उशिरा पेरलेला घेवडा मूळ धरायच्या आत मातीबरोबर ओढ्यात जायचा. दोन हंगाम असे गेले होते. आता चुलीमागच्या मडक्यात, राखेत घातलेलं, एकदा पेरण्यापुरतं बी उरलं होतं. तेही वाहून गेलं तर पुढच्या वर्षी पेरायला काही नाही, आणि कसाव्याच्या पाल्यावर दिवस काढायचे. हे दोघींनाही माहीत होतं, म्हणून दोघी मडक्याचा विषय काढत नसत.

पाळी आली तरी त्या दिवशी आणखी एक गंमत व्हायची. ज्या बाईचं शेत, तिनं दुपारी सगळ्यांना जेवू घालायचं असा रिवाज. सिफाच्या दिवशी सतरा जणींचं पोट एकदम दुखायचं. सगळ्या पोट धरून केळीच्या बागेआड जायच्या आणि घरून बांधून आणलेल्या पुरचुंड्या खायच्या. पोट दुखणाऱ्या माणसाच्या मानानं बऱ्याच खायच्या.

*

सिफाची मुलाखत सोमवारी होती. एस्पेरांसनं दार लावलं, खिडकी लावली, आणि कप मांडले. एक रिकामा, एकात चार दाणे, एक अर्धा, एक काठोकाठ.

"हा कधीच नाही. हा कधीकधी. हा बरेचदा. हा नेहमी. मी प्रश्न विचारीन, ताई, तुम्ही नुसता कप दाखवायचा. सगळं गुप्त राहील."

"राहू दे," सिफा म्हणाली. खिडकीच्या फळीमागं कुणीतरी शिंकलं.

"गेल्या चार आठवड्यांत लोक तुमच्या पाठीमागं तुमच्याबद्दल बोलले का?"

सिफानं कपांकडे पाहिलं. "पाठीमागं बोलले तर मला कसं कळणार?"

एस्पेरांसनं यंत्राकडे पाहिलं. यंत्राला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

"बरं. तुम्हाला लाज वाटली का?"

"कशाची?"

"जे झालं त्याची."

सिफानं रिकामा कप उचलून परत जागेवर ठेवला. मग म्हणाली, "झालं त्याची नाही वाटत. ते मी केलं नव्हतं. पण परत आले तेव्हा सासू दारात उभी होती, आणि मी तिला पहिलं काय विचारलं असेल? शेळी व्याली का. अकरा आठवड्यांनी आले आणि शेळीची चौकशी. त्याची वाटते लाज."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, व्याली, दोन झाली, आत ये."

एस्पेरांसनं खाली मान घालून डोळे पुसले. आपल्याला दिसलं नाही असं सिफानं दाखवलं. शहरातून इतक्या लांब आलेली पोर, दमली असेल.

"लोकांनी तुमच्यासोबत जेवणं टाळलं का? गेल्या चार आठवड्यांत?"

"चार आठवड्यांत कुणी कुणासोबत जेवलंच नाही. कोरडे दिवस आहेत. खणायला सुरुवात झाल्याशिवाय एकत्र जेवण नसतं."

"मग रिकामा कप?"

"तसं म्हटलं तर खोटं होईल." सिफानं हात पुढं करून तळवे दाखवले आणि पट्ट्यांचं सांगितलं. तीन, दोन, दोनाला कड, दीड. मधलं कोण खणतं ते सांगितलं. पाळी शेवटी येते ते सांगितलं, आणि एकदा सुरू झाल्यावर मडक्यातल्या बियाचंही सांगितलं, जे ती सासूशीही बोलली नव्हती.

एस्पेरांसनं यंत्र बाजूला ठेवलं. "दीड पट्ट्यासाठी माझ्याकडे कप नाही, ताई."

"असू दे. तुमचा घेवडा चांगला आहे पण. कुठला?"

एस्पेरांसनं पिशवीतून वही काढली आणि पेनानं सगळं लिहून घेतलं, कुदळीचा दांडा किती लांब असतो तेसुद्धा विचारून. चार वर्षांत ते कुणी विचारलं नव्हतं. सिफा घरी आली आणि सासूला म्हणाली, "चांगली आहे ग पोरगी. तिनं लिहून घेतलं."

"लिहून घेतलं म्हणजे खणलं का?" नाबिंतू म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

*

चिबालोंझाची मुलाखत मंगळवारी झाली. ती त्या पंचवीस जणींतली. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून. अठरा जणींच्या पाळ्या तिच्या डोक्यात असत आणि तिथं कुणाला डोकावता येत नसे. मुलाखत गुप्त होती, म्हणून ती बाहेर आल्या आल्या थेट झऱ्यावर गेली आणि भांडी भरणाऱ्या सगळ्याजणींना शब्दन् शब्द सांगितला.

"मला विचारते, जिच्यावर असा प्रसंग आला तिच्याबरोबर एका ताटात जेवाल का. मी म्हटलं, जेवाल का काय? जेवतोच! कुठला कप, म्हणाली. मी भरलेला पुढं ढकलला. आणि तिला शंका नको म्हणून बाकीच्या कपांतले दाणेही त्यातच ओतले."

बायका पाण्याकडे बघत राहिल्या. सिफा कपाळावर पट्टा घालून पाठीवर पाण्याचा डबा तोलत होती. तिनं डबा पुन्हा खाली टेकवला. आता जायला निघालं तर वाईट दिसलं असतं.

"मग?" फैदानं विचारलं. फैदा जिभेची तिखट, आणि परवाच्या गुरुवारी तिच्याच शेताची पाळी होती.

"मग ती म्हणाली, छान, मी जायच्या आधी मला तुमचं काम बघायला मिळेल का? मी म्हटलं, या की. गुरुवारी या." इथं चिबालोंझा जरा थांबली. "गुरुवारी सिफाचं शेत आहे, असं सांगितलं."

"गुरुवार माझा आहे!"

"आता नाही. तिकडं लिहिलं गेलंय."

"मावशी, तुम्ही तिथं खोटं बोललात आणि माझा गुरुवार गेला?"

"खोटं कोण बोललं?" चिबालोंझा ओरडली. "गुरुवारी बघ ना, खोटं आहे का ते!"

खोटं तर ती बोललीच होती. पण चारचौघांत खोटी पडायची तिची अजिबात तयारी नव्हती. सिफाला हे तिथल्या तिथं समजलं, आणि तिनं मनातल्या मनात त्या खोट्याचेही आभार मानले. पाऊस अजून आठवडाभर लांब होता.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं. नाबिंतूनं हातातलं काम खाली ठेवलं. ती उठली, चुलीमागं गेली, मडकं उतरवलं, आणि राखेत बोटं घालून बी चाचपलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधीपासून दोघी उखळाशी उभ्या राहिल्या. भिजवून वाळवलेले कसाव्याचे कंद कुटायचे, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. सासूला दम लागला की ती थांबत नसे. नुसतीच शिवी देई, कधी कसाव्याला, कधी मुलाला. दुपारी सिफा लाकडं आणायला डोंगर चढली आणि पाठीवरच्या मोळीनं मानेच्या शिरा ताठ झालेल्या अवस्थेत परतली. नाबिंतूनं गेल्या बाजारात वाळलेले बारीक मासे घेऊन कुणाला न सांगता छताला टांगून ठेवले होते. ते तिनं काढले.

"हे कधी घेतलेस?"

"दर वर्षी घेते," सासू म्हणाली. "दर वर्षी आपणच खातो."

*

गुरुवारी अठराजणी हजर होत्या. कुणाकुणाच्या कमरेला कापडाखाली पुरचुंडीचा फुगवटा दिसत होता. सवय अशी सुटत नाही.

सिफा ओढ्याकडच्या टोकाला उभी राहिली. ओळ लागली, आणि मधे दीड पट्टा सुटला.

"जवळ, जवळ!" चिबालोंझा कुजबुजली, म्हणजे समोरच्या डोंगरावर ऐकू गेलं. "रस्त्यावरून सगळं दिसतं!"

ओळ सरकली. दीडाचा एक झाला. चिबालोंझानं गाणं उचललं, कुदळी वर गेल्या. माती वाळून वीट झाली होती. पहिल्या घावांना ठिणग्या उडाल्यासारखा आवाज. उन्हं चढली. डोंगरांवर जाळलेल्या गवताचा धूर पसरला होता, आणि घामावर त्याची राख बसत होती. दर चार घावांनी चिबालोंझा रस्त्याकडे बघायची. तिच्याबरोबर सगळी ओळ रस्त्याकडे बघायची. असं खणताना दोघींच्या कुदळी एकमेकींना लागल्या आणि फैदा म्हणाली, "बाई येईपर्यंत पाय तरी शाबूत राहू द्या."

बाई आली नाही.

दुपार कलायच्या सुमाराला गावातला पाद्र्याचा माणूस खालच्या वाटेनं जाताना दिसला. चिबालोंझानं त्याला हाक मारली.

"ती पोरगी? ती कालच गेली," तो खालून ओरडला. "शहरातून बोलावणं आलं. पाहिलं नाहीत का?"

तो गेला. गाणं बंद झालं. निम्मं शेत खणून झालं होतं, निम्मं वर तसंच होतं. बायका एकेक करून कुदळी टेकून केळींच्या सावलीत आल्या. कुणी कुणाकडे बघेना. एकीनं हळूच पोटावर हात ठेवला.

तेवढ्यात नाबिंतू आली. तिनं मोठं लाकडी ताट मधोमध ठेवलं. कसाव्याच्या पिठाची वाफाळती बुगाली, डोक्याएवढा गोळा. शेजारी घेवडा, त्यात मासे. वाफ सगळ्यांच्या नाकाशी गेली. सिफा ताटाच्या एका बाजूला गुडघे टेकून बसली. आपले हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना.

"बघायला येणारी आली नाही," नाबिंतू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ज्यांना पोटदुखी काढायची असेल त्यांनी आत्ताच काढा. अन्न गार होतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. सगळ्यांच्या नजरा चिबालोंझाकडे वळल्या. चिबालोंझा रस्त्याकडे बघत होती. रस्ता रिकामा होता, अगदी वळणापर्यंत. ती उठून गेली असती तर सगळ्या तिच्यामागं गेल्या असत्या, आणि वरचं निम्मं शेतही कदाचित राहिलं असतं. हे सिफालाही समजत होतं. ती मडक्यातल्या बियाचा विचार करत होती, आणि बियाचा विचार करतो आहोत याची तिला पुन्हा शेळीसारखी लाज वाटत होती.

"लिहून घेतलंय तिनं," चिबालोंझा शेवटी म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. "माझ्या तोंडचं. कागद बुकावूला गेला. आता तो काही परत येत नाही." ती सरकत ताटाशी आली, सिफाच्या शेजारी बसली, हात धुतले, बुगालीचा लचका तोडला, अंगठ्यानं त्याला खळगा पाडला, घेवड्यात बुडवला आणि तोंडात टाकला.

सतरा जणी ती चावत असताना बघत होत्या. जणू आता तिला काहीतरी होणार होतं.

चिबालोंझानं गिळलं. पुन्हा लचका तोडला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"कमीच असतं," नाबिंतू म्हणाली. "चार वर्षांत आज कळलं तुला."

मग हात आले. आधी दोन, मग पाच, मग कुणाचा कुठला ते कळेनासं झालं. कमरेच्या पुरचुंड्या एकेक करून सुटल्या आणि त्याच ताटात रिकाम्या झाल्या. कुणाच्या रताळ्यांच्या फोडी, कुणाचा पाला. केळ्यांच्या दारूचा भोपळा फिरला, त्यातली एकच नळी सगळ्यांच्या तोंडाला लागत सिफापाशी आली, आणि तिच्याकडून पुढं गेली. पुढचीनं नळी पुसली नाही. सिफानं ते पाहिलं. तिचा घास घशाशी अडकला तेव्हा नाबिंतूनं तिच्या पाठीत एक गुद्दा घातला.

"सावकाश. तुझं कुणी पळवत नाही."

फैदा तेवढी जरा बाजूला बसून जेवली. पुष्कळ जेवली, पण बाजूला बसून. तिचा गुरुवार गेला होता.

उन्हं उतरू लागली तशी ओळ पुन्हा लागली. सिफा आपल्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि सवयीनं तिनं उजवीकडे पाहिलं, किती सुटलंय ते बघायला. तिथं अंतर सोडायला अजून कुणी उभंच नव्हतं. फैदा कुदळ खांद्यावर टाकून येत होती.

"माझा गुरुवार घेतलास," फैदा म्हणाली, "तर ओढ्याकडची मऊ माती तरी मला मिळू दे. तिकडं नुसता दगड आहे." असं म्हणून तिनं सिफाच्या पट्ट्याला लागून आपला पट्टा धरला आणि मातीत थुंकून दांडा घट्ट पकडला. मधे गवताची काडी राहील एवढीही जागा उरली नाही.

सिफाला काहीतरी बोलायचं होतं. उपकार म्हणावे तर फैदा मातीसाठी आली होती. काही न म्हणावं तर चार वर्षांचं सगळं छातीत येऊन बसलं होतं. चिबालोंझानं गाणं उचललं. सिफानं कुदळ डोक्यावर नेली आणि जशी चार वर्षं घालत आली होती तशी, उजवं कोपर लांब बाहेर टाकून, अख्खा घाव घातला.

"अगं ए," फैदा कळवळून म्हणाली, "कोपर जरा आत घे ना."